मानेखालचा सिंह – सफारीतले प्राणी काढायला कसं शिकावं?

रेघोटी

नमस्कार मंडळी. चित्रकलेवर इथे बरेच धागे आहेत, पण आफ्रिकेच्या गवताळ रानातले प्राणी काढण्यावर काही सापडलं नाही, म्हणून हा नवा काढतेय.

पेन्सिलीने रेखाटनं करायला मला आवडतात. फोटो समोर ठेवून नुसता चेहरा काढायचा असेल तर जमतो. बिबट्याचे डोळे, जिराफाच्या पापण्या यांना दादही मिळते. गाडी अडते ती मानेखाली. सिंह उभा केला की आयाळ लावलेला कुत्रा होतो. झेब्रा म्हणजे पट्टे मारलेलं गाढव. जिराफाचे मागचे पाय कुठे वाकवायचे तेच कळत नाही. हत्ती त्यातल्या त्यात बरा येतो, पण तो आफ्रिकेतला आहे हे खाली लिहावं लागतं.

'पाच मिनिटांत सिंह' छापाचे व्हिडिओ भरपूर पाहिले. दोन गोल काढतात आणि पुढच्या क्षणी सिंह तयार! मधलं काय ते कोणी सांगत नाही.

तर सुरुवात कुठून करू? ट्रेस करण्यात काही अर्थ आहे का? आणि पट्टे, ठिपके वगैरे नक्षी केव्हा घालायची? जाणकारांनी सांगावं.

शिसपेन्सिल

मीपण याच बोटीत. खुर्ची टाकून बसलोय.

चारपायी

धागा आवडला. तुमच्या तिन्ही-चारही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं. तुम्ही कातडी आधी काढताय आणि सांधे नंतर, किंवा कधीच नाही.

झेब्र्याच्या मागच्या पायात साधारण अर्ध्या उंचीवर मागे टोक काढलेला एक सांधा दिसतो. त्याला आपण गुडघा धरतो आणि मग 'हा उलटा कसा वाकतो' म्हणून गोंधळतो. ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेलगत कातडीआड असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. पुढच्या पायातही तोच प्रकार. ज्याला गुडघा म्हणतो ते मनगट. कोपर त्याच्या बरंच वर, छातीच्या खालच्या कडेशी. झेब्रा, जिराफ, हरणं ही मंडळी बोटांच्या टोकावर म्हणजे खुरांवर उभी असतात. सिंह, बिबट्या, तरस बोटांवर, टाच हवेत. आपण मात्र सगळा तळवा टेकतो.

हे वाचून पाठ करण्यापेक्षा अंगावर घेऊन बघा. आरशाला बाजू करून उभं राहा, टाचा उचलून चवड्यावर या आणि गुडघे थोडे वाकवा. मांडी पुढे जाते, नडगी मागे येते, पाऊल पुन्हा पुढे. सिंहाच्या मागच्या पायाचा जो नागमोडी आकार चुकतो तो हाच, फक्त त्याचं पाऊल आपल्यापेक्षा प्रमाणात लांब आणि मांडी धडात शिरलेली.

हत्ती तुम्हाला बरा का जमतो तेही यातच आलं. त्याच्या पायात नागमोड नाही. हाडं जवळजवळ एकाखाली एक रचलेली. मांडीचं हाड लांब असल्याने गुडघा चांगला खाली येतो आणि बाहेरून स्वच्छ दिसतो. टाच जमिनीजवळ, तिच्याखाली चरबीची जाड गादी. बाहेरून सरळ खांब दिसतो आणि खांब सगळ्यांनाच काढता येतात.

सिंहाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते कुत्र्यातून सिंह बाहेर काढणारी तीच: फरा, म्हणजे खांद्याचं पातं. मांजरकुळात हे पातं धडाला हाडाने घट्ट जोडलेलं नसतं, स्नायूंनी बांधलेलं असतं. गळ्याचं हाड नावापुरतं. त्यामुळे दबकत चालणाऱ्या सिंहिणीच्या पाठीवर दोन उंचवटे आलटून पालटून वर येतात, चक्क कण्याच्या रेषेवर. ज्या पायावर भार, त्या बाजूचा फरा वर. ही एक रेघ बरोबर आली की प्राणी चालायला लागतो. पाठ पट्टीने आखल्यासारखी सरळ काढली की भुसा भरलेला दिसतो.

ट्रेसबद्दल: जरूर करा, पण बाह्यरेषा गिरवू नका. फोटोवर पातळ कागद ठेवून फक्त सांध्यांच्या जागी टिंबं द्या – फऱ्याचं वरचं टोक, खांदा, कोपर, मनगट, कुल्ला, गुडघा, टाच, शेपटीचं मूळ. टिंबं रेघांनी जोडा, फोटो बाजूला करा आणि त्या काटक्यांवर स्वतःचा सिंह उभा करा. बाह्यरेषा गिरवून हाताला वळण लागतं, पण डोक्यात काही शिरत नाही.

पिवळी_पेन्सिल

चारपायी, प्रतिसाद एक नंबर, पण नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी हाडं मोजायला लावलीत तर तो पेन्सिल टाकून पळेल. गोल-अंडाकृतींना उगाच नावं ठेवली जातात. मी त्याच पद्धतीने शिकलो आणि अजूनही तिथूनच सुरू करतो. मजा आली पाहिजे ना आधी?

चारपायी

गोलांना माझा विरोध नाही हो. कशाचे गोल, ते माहीत असावं एवढंच. व्हिडिओत दोन सारखे गोल काढतात आणि मध्ये नळकांडं जोडतात. तिथेच घात होतो. छातीचा पिंजरा हे एक अंडं, आणि ते सरळ नसतं, कलतं. कटीचा भाग हा दुसरा, लहान आकार. दोघांतलं अंतर, आकारातला फरक आणि कल यांवर प्राणी ठरतो. चित्त्याची छाती खोल आणि कंबर एकदम बारीक, डोकं लहान. पाणघोड्यात दोन्ही अंडी जवळजवळ एकमेकांत मिसळलेली आणि पोट जमिनीशी सलगी करणारं. ठिपकेवाल्या तरसाची आणि जिराफाची पाठ मागे उतरती. रानरेड्यासारखं तोंड असलेल्या त्या नू हरणाचे खांदे पुठ्ठ्यापेक्षा, म्हणजे कमरेमागच्या भागापेक्षा, उंच.

एक कसोटी देतो. काढलेली आकृती पूर्ण काळी भरून टाका. डोळे, पट्टे, ठिपके काही नाही. ओळखू आली का? आली तरच पुढे जा. नक्षीने ओळखू येणारा प्राणी म्हणजे कपड्यांवरून ओळखलेला माणूस. नक्षी सगळ्यात शेवटी.

टिंबटिंब

'नक्षी शेवटी' याला +१, पण नक्षीला कपडे म्हणून सोडून दिलंत हे काही पटलं नाही. माझा तो आवडता भाग आहे, आणि तिथेही शरीररचनाच असते.

झेब्रा घ्या. तीन जाती आहेत आणि तिन्हींचे पट्टे वेगळे. नेहमी फोटोत दिसतो तो मैदानी झेब्रा: पट्टे रुंद, पोटाखालपर्यंत उतरणारे. ग्रेव्हीचा झेब्रा: पट्टे बारीक आणि दाट, पोट पांढरं, कान मोठे गोलाकार. डोंगरी झेब्रा: पोट पांढरं, गळ्याखाली कातडीची लोंबती घडी आणि शेपटीच्या वर पुठ्ठ्यावर आडव्या पट्ट्यांची जाळी. तीन फोटो तीन जातींचे घेऊन त्यांची खिचडी केली की कुठलाच झेब्रा तयार होत नाही.

आता मैदानी झेब्रा जवळून बघा. मानेवरचे पट्टे उभे, आणि ते आयाळीतही तसेच चढतात. आयाळ ताठ उभी असते, पडलेली नसते. धडावरही उभे. पुठ्ठ्याकडे जाताना ते तिरके होत जवळजवळ आडवे होतात. पायावर पूर्ण आडवे, हातातल्या बांगड्यांसारखे. म्हणजे खांद्यावर धडाचे उभे पट्टे आणि पायाचे आडवे पट्टे समोरासमोर येतात. तिथे काय होतं? पट्टा फुटतो आणि उलट्या इंग्रजी व्हीसारखे एकात एक त्रिकोण तयार होतात. ही जागा नव्वद टक्के चित्रांत लोक गाळतात किंवा काहीतरी ढकलून देतात. ती नीट काढलीत तर खांद्याची गोलाई छटा न देतासुद्धा दिसते. पट्टे हीच तुमची छटा. पोटाच्या कडेला पट्टा वळून आत गेला पाहिजे, कडेवर येऊन कापल्यासारखा थांबला तर झेब्रा चपटा होतो.

जिराफाचंही तसंच. जाळीदार जिराफाचे ठसे मोठे, कोनदार आणि मधल्या रेघा बारीक पांढऱ्या. मसाई जिराफाचे ठसे फाटक्या कडांचे, वेलीच्या पानांसारखे. एकाचे ठसे दुसऱ्याच्या अंगावर घालू नयेत.

आणि कृपा करून चित्ता व बिबट्या वेगळे काढा. चित्त्याचे ठिपके भरीव, सुटे. बिबट्याचे धडावर फुलासारखे पुंजके, मध्ये गडद पिवळट रंग. पायांवर आणि डोक्यावर मात्र भरीव ठिपके. पुंजक्याच्या आत पुन्हा टिंबं घातलीत तर तो जग्वार झाला, आणि जग्वार आफ्रिकेत नसतो. चित्त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ओठाकडे काळी रेघ उतरते, ती बिबट्याला नाही.

रेघोटी

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. चवड्यावर उभं राहून आरशात पाहिलं, घरच्यांनी विचारलं काय चाललंय म्हणून.

सिंहाच्या तोंडाबद्दलही सांगा ना कोणी. फोटो बाजूला ठेवला की तिथेही कुत्रा डोकावतोच.

सावलीची_बाजू

रेघोटी, माझं म्हणणं थोडं उलटं वाटेल. सिंह काढूच नका काही दिवस. सिंहीण काढा. आयाळ म्हणजे लपायला जागा. कानाचं मूळ, जबड्याचा कोन, मान छातीत कशी शिरते, सगळं तिच्याखाली झाकलं जातं आणि आपल्याला वाटतं जमलं. सिंहिणीत लपायला काही नाही.

चेहऱ्यात पाहायच्या जागा: नाकाचा दांडा रुंद आणि लांब, कडा जवळजवळ समांतर. कुत्र्याचं तोंड पुढे निमुळतं होतं, सिंहिणीचं पुढेही रुंदच राहतं, एखादा ठोकळा पुढे बसवल्यागत. हनुवटी ठसठशीत, खालून सपाट, पांढरट केसांची. बहुतेकांची हनुवटी गायब असते आणि तिथेच कुत्रा शिरतो. डोळे समोर पाहणारे, वरच्या पापणीचा आतला कोपरा नाकाकडे खाली उतरणारा. डोळ्याखाली फिकट पट्टा. बाहुली गोल, घरच्या मांजरीसारखी उभी चीर नाही. कान गोल टोकांचे, मागून काळे. मिशांच्या मुळाशी ठिपक्यांच्या ओळी असतात. त्या सरळ आखू नका, गालाच्या गोलाईबरोबर वळवा.

मग आयाळ. सूर्यासारखी चहूकडे किरणं काढू नका. ती कपाळावरून, कानांपुढून सुरू होते, गालांवरून खाली गळ्यावर आणि छातीवर उतरते. काही नरांत पोटाखालीही जाते. केसांचे मोठे झुपके आधी, त्यांची दिशा आणि सावली आधी. एकेक केस काढत बसलात तर झाडू होईल.

जुनी_पाने

अवांतर करतो, सांभाळून घ्या. प्राणी समोर नसताना काढणं हा जुनाच उद्योग आहे.

१५१५ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचा चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूरर याने गेंड्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं. गेंडा लिस्बनला आला होता, गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांमार्फत. ड्यूररने तो कधी पाहिला नाही, लिस्बनहून आलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर काम भागवलं. अंगावरच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या झाल्या, पायांवर खवले आले आणि मानेच्या मागे पाठीवर एक जादा छोटं शिंग उगवलं. पुढची दोनएक शतकं युरोपात गेंडा म्हटलं की हेच चित्र. बिचारा खरा गेंडा पोपकडे नजराणा म्हणून जाताना जहाज बुडून मेला.

उलट उदाहरण मुघल चित्रकार उस्ताद मन्सूरचं. १६२१ मध्ये जहांगीरच्या दरबारात अबिसिनियाकडून (आजचा इथिओपिया) झेब्रा आला. काहींना वाटलं, घोड्याला रंग दिलाय. तपासून पाहिलं तेव्हा पट्टे खरे निघाले. मन्सूरने समोर उभा असलेला तो झेब्रा बाजूने काढला. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. टिंबटिंब यांनी खांद्यावरच्या त्रिकोणांचं लिहिलंय, ते डोक्यात ठेवून ते चित्र मोठं करून बघा.

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६३७ च्या सुमारास हत्तीण काढली, काळ्या खडूने. तिची रेघ बघण्यासारखी आहे: कातडीच्या सुरकुत्या कुठे दाटतात आणि कुठे सैल पडतात ते त्याने नजरेने टिपलंय, सगळीकडे सारखी जाळी मारलेली नाही.

शिसपेन्सिल

जुनी_पाने, असे अवांतर रोज करा. पण मला धावणारे प्राणी काढायचे आहेत. चित्ता धावताना चारही पाय फाकवून काढला तर बरोबर की चूक?

जुनी_पाने

त्याचीही गोष्ट आहे. जुन्या चित्रांत धावता घोडा पुढचे पाय पुढे, मागचे मागे फेकून हवेत तरंगताना दाखवत. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात पालो आल्टोला ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो घेतले. घोडी पूर्ण हवेत असते, पण पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाच. पुढे १८८७ मध्ये त्याने हालचालींची ७८१ पानं छापली, त्यात सिंह, हत्ती, उंट असे बरेच प्राणी आहेत. जुनी असल्याने ती आता कोणालाही वापरता येतात. शिकणाऱ्याला याहून चांगलं घबाड नाही.

चारपायी

चित्ता घोड्यापेक्षा वेगळा. तो एका ढांगेत दोनदा हवेत जातो: एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, एकदा पूर्ण ताणलेले असताना. म्हणजे शिसपेन्सिल, तुमचा फाकलेल्या पायांचा चित्ता बरोबर आहे. कणा मात्र सोबत वाकवा. पाय गोळा असताना पाठ कमानीसारखी वर, ताणलेले असताना सपाट किंवा किंचित खोलगट. पाय ताणलेले आणि पाठ कमानदार असं केलंत तर ते चुकलं.

जिराफ चालताना एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर उचलतो. कर्णरेषेतले पाय उचललेला, दुडक्या चालीचा जिराफ काढू नका. पळताना त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्या बाहेरून पुढे येतात, बघायला विचित्र वाटतं पण तसंच आहे. हत्ती कितीही घाईत असला तरी चारही पाय एकदम हवेत जात नाहीत. त्याला चौखूर उधळवू नका.

खोडून_काढू

मला एक कळत नाही, फोटो हाताशी असताना ही सगळी कसरत कशाला? फोटो ग्रिडमध्ये घ्यायचा, चौकोन चौकोन करून उतरवायचा. माझी चित्रं हुबेहूब येतात.

सावलीची_बाजू

खोडून_काढू, येतात हे खरं, मी तुमची पाहिली आहेत. पण फोटोही खोटं बोलतो. सफारीतले बहुतेक फोटो लांबच्या लेन्सने घेतलेले असतात. त्यात पुढचं आणि मागचं एकमेकांवर दाबलं जातं. समोरून येणाऱ्या हत्तीचं डोकं आणि पुठ्ठा जवळजवळ एकाच अंतरावर वाटतात. जवळून रुंद लेन्सने घेतलेल्या फोटोत उलट: सोंड अवाढव्य आणि पाय खेळण्यातले. चौकोन टाकून हे दोन्ही दोष जसेच्या तसे कागदावर उतरतात. रचना माहीत असेल तर सुधारता येतात.

दुसरं म्हणजे चित्र विकायचं किंवा स्पर्धेला द्यायचं असेल तर दुसऱ्याचा फोटो हुबेहूब उतरवताना त्याची परवानगी लागते. वेगवेगळ्या फोटोंवरून सांधे समजून घेऊन स्वतःची मुद्रा उभी केली तर तो प्रश्नच येत नाही.

खोडून_काढू

लेन्सचा मुद्दा मान्य. परवानगीचाही. ग्रिड मात्र सोडणार नाही.

मळका_रबर

हलता प्राणी समोर असला की हात गोठतो असं बऱ्याच जणांचं होतं, त्यांच्यासाठी. पाणवठ्यांवरच्या थेट कॅमेऱ्यांचं प्रक्षेपण घरबसल्या दिसतं. एका मोठ्या कागदावर पाच-सहा रेखाटनं एकाच वेळी उघडी ठेवायची. प्राणी हलला की त्याच चित्राच्या मागे लागायचं नाही, नवं सुरू करायचं. प्राणी तीच तीच मुद्रा पुन्हा घेतो: मान खाली, मान वर, शेपूट झटकली, वजन दुसऱ्या पायावर. जुनी मुद्रा परत आली की त्या अर्धवट चित्राकडे वळायचं. पाणी पिणारा जिराफ यासाठी उत्तम. तोंड पाण्याला लागावं म्हणून पुढचे पाय फाकवतो किंवा वाकवतो, बराच वेळ साशंकपणे इकडेतिकडे बघतो आणि पुन्हा खाली जातो.

खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. (आयडी माझा काहीही असो.)

रेघोटी

आफ्रिकी हत्तीचं कोणीच घेतलं नाही अजून.

टिंबटिंब

घेते. आपल्या नजरेत आशियाई हत्ती पक्का बसलेला असतो, हात तोच काढतो. आशियाई हत्तीच्या डोक्यावर दोन उंचवटे, पाठ वर फुगलेली, कान लहान. आफ्रिकी हत्तीचा माथा एकसंध उतरता, पाठ मध्ये खोलगट, अंगातली सर्वांत उंच जागा खांदा, आणि कान एवढे मोठे की मान झाकतात. सोंडेच्या टोकाला आफ्रिकी हत्तीला वर-खाली अशी दोन बोटं, आशियाईला वरचं एकच. सुळे आफ्रिकेत नर-मादी दोघांनाही असतात. फक्त कान मोठे करून आफ्रिका गाठता येत नाही. पाठीची रेघ आधी बदला, तिथेच निम्मं काम होतं.

गेंड्यातही तसंच. पांढऱ्या गेंड्याचं तोंड रुंद, चौकोनी, डोकं खाली झुकलेलं, मानेवर मोठा उंचवटा. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, डोकं वर. रंग दोघांचाही करडा, तेव्हा नावावर जाऊन एकाला पांढरा सोडू नका.

सावलीची_बाजू

रंगावरून आठवलं, हरणांच्या छटेचा एक सापळा आहे. बऱ्याच हरणांचं पोट पांढरं आणि पाठ गडद असते. उन्हात पाठ उजळते, पोट सावलीत जातं, म्हणजे अंगाचा रंग आणि सावली एकमेकांना खोडतात. शिकाऱ्याच्या नजरेला प्राणी सपाट दिसावा असा हा प्रकार. आपण फोटोतला रंग इमानेइतबारे उतरवला की चित्रातलं हरीणही सपाट! यासाठी आधी सगळा प्राणी एका रंगाचा, मातीचा आहे असं समजून वेगळ्या कागदावर फक्त सावल्या काढायच्या, मग रंग. थॉमसनच्या गझेलच्या कुशीवरचा काळा पट्टा तर हमखास फसवतो, त्याला सावली समजून पोट आत ढकललं जातं.

आईचा_पेपर

माझ्या आठ वर्षांच्या लेकीला हे सगळं कसं सांगू? तिला जिराफ फार आवडतो.

पिवळी_पेन्सिल

काहीही सांगू नका. तिला जिराफाचा व्हिडिओ दाखवा आणि विचारा, पाणी कसं पितो ते काढून दाखव. आणि 'मान किती मणक्यांची' हे कोडं घाला. सातच, आपल्याइतकीच! पुढे ती स्वतःच मान वाकवताना सापासारखी वेटोळी करायची बंद होईल.

रेघोटी

मध्यंतरी गायब होते. सांगितल्याप्रमाणे सिंहीण काढत होते. आठ टिंबं, काटक्या, मग अंग. चित्र खाली चिकटवलंय, चालणारी सिंहीण, डावीकडून. कुत्रा गेला असं वाटतंय, पण काहीतरी अजून खटकतंय आणि बोट ठेवता येत नाही. निःसंकोच लिहा.

चारपायी

वा! फरा छान वर आलाय, आणि हनुवटी आहे. खटकतंय ते मला असं दिसतं: पुढच्या डाव्या पायाची कोपर छातीच्या रेषेच्या बरीच खाली आलीय. त्यामुळे दंड लांब आणि पाय धडाला खाली चिकटवल्यासारखा. कोपर वर घ्या. शिवाय डावा पाय पुढे जाऊन नुकताच टेकतोय, म्हणजे भार अजून उजव्यावर आहे, आणि तुम्ही वर उचललाय डावा फरा. एक तर फरे बदला, नाहीतर डावा पाय अंगाखाली आणा.

सावलीची_बाजू

शेपटीचं मूळही पाहा. शेपूट पुठ्ठ्यावर नंतर खोचल्यासारखी झालीय. कण्याची रेघ न तोडता तशीच शेपटीत सोडा, गोंड्यापर्यंत एका दमात. पोटाखाली मागच्या पायांकडे सैल कातडीची एक झोळ असते, ती घातलीत तर उत्तम. आणि पुढच्या पंज्यावर बोटं मोजा. जमिनीवर चार दिसतात, पाचवं आतल्या बाजूला वर असतं. तुमची सहा झालीत.

रेघोटी

सहा!! फरा आणि पायाचं गणित आता डोक्यात शिरलं. पाय अंगाखाली घेऊन पुन्हा काढते. त्यानंतर पाणघोडा घ्यावा म्हणतेय, पाण्यात बसलेला. नुसते डोळे-कान-नाकपुड्या, सोपा जाईल.

चारपायी

सोपा नाही जाणार. नाकपुड्या, डोळे आणि कान डोक्याच्या वरच्या पातळीवर एका ओळीत असतात म्हणून तर तो बाकीचं बुडवून बसू शकतो. पण तोंड तुमच्याकडे वळलेलं असेल तर ती ओळ तिरपी होऊन आखडते, आणि पाण्याची रेघ मात्र आडवीच राहते. आधी पूर्ण डोकं काढा, जबड्यासकट, मग पाण्याची पातळी त्यावरून आडवी ओढा आणि खालचं पुसा.

मळका_रबर

त्यासाठी रबर परत आणायला हरकत नाही.